खिडकीवाला म्हणतो भिंत

…आणि पाणी आत आलं की इमारतवाले वर मलाच म्हणतात, "खिडकी उघडी राहिली असेल हो तुमच्याकडून!" अहो, राहील कशी? ती उघडतच नाही! अख्ख्या इमारतीत एक खिडकी उघडत नाही. व्यापारी इमारत आहे म्हणे, एसी आहे म्हणे, खिडकी उघडून तुम्हाला करायचंय काय म्हणे! बरं, नाही उघडत तर नाही उघडत, आम्ही काही हट्ट धरला नाही. पण मग तीच खिडकी पाण्याला कशी उघडते, ते सांगा ना मला! माणसाला बंद, वाऱ्याला बंद, आणि पाण्याला मात्र या, बसा, चहा घेणार का?

बसा हो, तुम्ही पण बसा. वेळ लागेल अजून. आत एक बाई गेल्यात, त्यांचे दोन्ही कान व्हायचेत, आणि आमची ही एकेक कान अशी सावकाश तपासते की बघतच राहावं. घाई म्हणून नाही तिला. घाई मला! मला धड बसवत नाही, उभं राहवत नाही, तुम्हाला सांगतो, ह्या एका खिडकीपायी माझे पाय जे जमिनीवरून उचलले गेलेत ते अजून टेकायला तयार नाहीत.

कान तपासायचं स्वतःचं केंद्र काढायचं, ही कल्पना हिची. मी आपला साडूभाऊंच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत कान तपासत होतो. डोक्यावरून माणसं धाड धाड जिना चढतायत, उतरतायत, आणि खाली मी पेशंटला विचारतोय, "आला का बारीक आवाज?" तो म्हणतो, "बारीक कुठला हो, हत्ती चाललाय वरून!" त्यात साडूभाऊ येता-जाता दारातून मुंडकं घालणार, "काय साडू, चाललंय ना?" चाललंय ना म्हणजे काय! कान तपासतोय, माणूस गप्प बसलाय, आणि तुम्ही दारातून ओरडताय! पण बोलणार कोण? जिना त्यांचा, खोली त्यांची, आणि वर बायकोची बहीण त्यांची बायको. मूग गिळून बसायचं. मग एक दिवस ही मोठ्या रुग्णालयातली कायमची नोकरी सोडून घरी आली. कायमची हं! पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, आपलं काढू. एक शांत खोली. बाकी काही नको." झालं! काढलं.

आता असल्या केंद्राला पक्का परवाना लागतो. त्यासाठी एक तपासनीस येतात, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. खोली शांत पाहिजे, कोरडी पाहिजे. पास झाली तर पास, नाही तर दाराला टाळं. आणि टाळं म्हणजे काय, माहीत आहे? हिच्या जागेवर रुग्णालयात कधीच दुसरं कोणीतरी आलं. ही कुठे जाणार? आणि मी? मी कुठे जाणार, ते सांगायलाच नको. जिन्याखाली! "काय साडू, आलात परत?" हे वाक्य मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं. म्हणून म्हणतो, ही नुसती गळती नव्हती हो. माझ्या नरड्याशी आलेलं पाणी होतं ते.

बरं, भिंत तरी कशी? बाहेरून बघाल तर किल्ला! दगडी, रवाळ, भरभक्कम. एक टिचकी मारा. ठप्प! खोकं! आत थर्माकोल आहे हो, थर्माकोल! नवा टीव्ही घेतल्यावर खोक्यातून करकर करत निघतो ना, तोच! त्याच्यावर जाळी, जाळीवर पातळसा गिलावा, गिलाव्यावर रंगीत रवाळ हात, झाली भिंत. इमारतीचा जो व्यवस्थापक आहे, त्याचं नाव आम्ही बघूसाहेब ठेवलंय, कारण काहीही सांगा, म्हणणार "बघू". तर हे बघूसाहेब मला पहिल्या दिवशी छाती फुगवून सांगतात, "उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब!" म्हटलं, "आणि पावसात?"

"बघू," म्हणाले.

बघितलं! पावसाची पहिली जोरदार सर आडवी आली, भिंतीवर धाडकन आपटली, आणि आतमध्ये खिडकीच्या कोपऱ्यात प्लॅस्टर फुगलं. पुरीसारखं. मग त्यातून एक थेंब निघाला, खिडकीखालच्या पत्र्याच्या कट्ट्यावर पडला. टप! आता तुम्हाला वाटेल, एका थेंबानं काय होतंय? अहो, चाचणी कशी असते? खुर्चीत बसायचं, कानावर हेडफोन, हातात बटण, अगदी बारीक 'टुंग' आलं की दाबायचं. आमच्या खोलीत 'टुंग'च्या आधी 'टप'! टप, दाबलं बटण! टप, दाबलं! एका बाईंचा आलेख असा आला, असा आला, की त्यांना शेजारच्या इमारतीत पडलेली टाचणी ऐकू यावी! आणि एक आजोबा, ठार बहिरे, कानाशी ढोल बडवला तरी मान वळवायचे नाहीत, पण बसले होते खिडकीकडे तोंड करून. थेंब चमकला की बटण! पैकीच्या पैकी! दुसऱ्या दिवशी त्यांच्या आजी कागद नाचवत आल्या. "ह्यांना ऐकू येतं म्हणे सगळं? मग चाळीस वर्षं मी बोलते त्याचं काय होतं?" मी म्हटलं, आजी, आमच्या खिडकीला गळती आहे. त्या म्हणाल्या, "विषय बदलू नका."

मग सुरू झाली वरात. पहिले बघूसाहेब आले. भिंतीला हात लावला, बोटं हुंगली. "हे पावसाचं नाही. ही वाफ आहे. तुमची माणसं आत श्वास घेतात, ती काचेवर जमते." श्वास घेतात! पेशंटला काय सांगू, श्वास दारात ठेवून या? म्हटलं, साहेब, बादली भरलीय. एवढा श्वास घोडा तरी सोडतो का? मग त्यांनी खिडकीवाला पाठवला. तो आला, काचेवर टकटक केलं, चौकट डोळे बारीक करून बघितली, मान हलवली. "माझी खिडकी कारखान्यात पाण्याखाली तपासलेली आहे. ही गळूच शकत नाही. भिंत गळतेय." गेला. मग भिंतवाला आला. भिंत कुरवाळली, म्हशीची पाठ कुरवाळावी तशी. "माझ्या भिंतीतून पाण्याचा बाप येणार नाही. भोक कोणी पाडलं भिंतीला? खिडकीवाल्यानं! खिडकी नसती तर गळलं असतं का?" अहो, खिडकी नसती तर! उद्या डॉक्टर म्हणेल, पोट नसतं तर दुखलं असतं का! खिडकीवाला म्हणतो भिंत, भिंतवाला म्हणतो खिडकी, आणि मधे मी, बादली धरून!

तरी जो येईल तो जाता जाता सिलिकॉनची एक नळी मारून जायचा. ते त्यांचं बेलभंडार! खिडकीवाला आला, फुर्रर्र, डावी बाजू. भिंतवाला आला, फुर्रर्र, उजवी. बघूसाहेबांचा माणूस आला, फुर्रर्र, काल मारलेल्यावर परत! आणि मग माझं लक्ष गेलं चौकटीच्या खालच्या पट्टीकडे. बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं! रांगेत! म्हटलं, हा काय प्रकार आहे? इकडे आम्ही केसाएवढी फट शोधतोय आणि इथे कारखान्यातूनच भोकं पाडून आलीयत? बुजवा! आधी ती बुजवा! आणि कोणी नाही म्हटलं नाही हो! खिडकीवाल्यानं बुजवली! ज्यानं पाडली त्यानं बुजवली, "तुमच्या समाधानासाठी" म्हणाला. झालं माझं समाधान. पुढचा पाऊस आला आणि आधी टप टप यायचं ते आता सर्र आलं. कोपऱ्यातून नव्हे, अख्ख्या कट्ट्यावरून! मी बादली बदलून टब आणला. खिडकीवाला म्हणतो, बघा, भिंत! भिंतवाला म्हणतो, बघा, खिडकी! आणि मधे मी, टब धरून!

आणि त्याच आठवड्यात तपासनीस साहेबांचा फोन. येतो म्हणाले. कधी? लवकरच. लवकरच म्हणजे कधी हो? तारीख सांगा, वार सांगा, पाऊस असेल का नसेल ते सांगा! फोन ठेवला त्यांनी. मी खोलीत येरझाऱ्या घालतोय, आणि ही शांतपणे हेडफोन पुसतेय. म्हटलं, अगं, तुला काहीच कसं वाटत नाही? तर म्हणाली, "वाटतं ना. म्हणून तर पुसतेय." आणि मग पहिल्यांदाच तिचा हात थांबला, आणि हळूच म्हणाली, "अहो, मला परत कोणाच्या हाताखाली जायचं नाहीये." बस्स. एवढंच.

मग हिनंच ठरवलं, आता चर्चा नाही, चाचणी. दोघांना एकाच दिवशी बोलावलं, खिडकीवाल्याला आणि भिंतवाल्याला. भिंतवाला बाहेर दोराच्या झुल्यावर, हातात पाण्याचा पाइप. खिडकीवाला खाली नळाशी. पद्धत अशी की पाणी आधी खालच्या फटीवर मारायचं, चांगला वेळ देऊन, मग जरा वर, मग आणखी वर. कुठल्या टप्प्याला आत पाणी येतं ते बघायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं, काही कळत नाही. सोपं आहे. फक्त आत एक माणूस पाहिजे, जो गप्प बसून वाट बघेल आणि पाणी आलं की "आलं" म्हणेल.

तो माणूस मी!

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर पेशंटना दटावत आलोय. "काका, घाई करू नका. आवाज येईल असं वाटलं म्हणून दाबू नका, आला की दाबा." आणि मी? झुल्यावरचा पाइप सुरू झाला, भिंतीवर सर्र झालं, माझ्या अंगावर काटा, मी ओरडलो, "आलं!" ही धावत आली. कोरडं. परत सुरू. "आलं!" परत धावली. माझाच घाम होता तो, कट्ट्यावर पडलेला. परत सुरू. "आलं, आलं, आता नक्की आलं!" भिंतवाला बाहेरून काचेला नाक लावून बघतोय आणि तोंडानं काहीतरी बोलतोय, बरं झालं काच बंद आहे, निम्मं ऐकू येत नाही. खाली खिडकीवाला ओरडतोय, "खालच्या फटीवर आलं? म्हणजे भिंत!" झुल्यावरून भिंतवाला ओरडतोय, "खालची पट्टी तुझी! खिडकी!"

आणि आमची ही. हिनं एक शब्द न बोलता काय केलं असेल? काचेतून खूण करून खाली नळ बंद करायला लावला. मला माहीतच नाही! मी डोळे मिटून, कान टवकारून बसलोय. आणि थोड्या वेळानं मी ओरडलो, "आलं!"

"नळ बंद आहे अहो," ही म्हणाली. "कधीचा."

म्हणजे जी युक्ती आम्ही घायकुत्या पेशंटवर करतो, आवाज न देता नुसतं थांबून बघायचं, ती हिनं माझ्यावर केली! स्वतःच्या नवऱ्यावर! आणि मी सापडलो! मला खुर्चीवरून उठवलं आणि ही बसली. बसली म्हणजे कशी? देवळातल्या समईसारखी, हलणं नाही, डुलणं नाही. पाणी खाली मारलं, ती गप्प. मधे मारलं, गप्प. वरच्या बाजूला, जिथे चौकट आणि भिंत मिळतात त्या फटीवर मारलं, बराच वेळ मारलं, मी दारात नखं खाऊन संपवली, आणि मग ही नुसतं बोट दाखवून म्हणाली, "तिथून शिरतंय. आणि खाली साठून आत येतंय."

भिंतवाल्यानं ती फट उकरली. आणि काय निघालं माहीत आहे? एवढ्या नळ्या रिकाम्या केल्या होत्या, ते सगळं सिलिकॉन चिकटलं होतं वरच्या रंगीत रवाळ थराला. चिकटलं होतं छान, पक्कं. पण तो थरच पाणी पिऊन मऊ झाला आणि खालच्या गिलाव्यापासून सुटला. सिलिकॉनला बिचाऱ्याला वाटतंय आपण भिंत धरलीय, आणि भिंत कधीच निघून गेलीय! मग पाणी फटीतून आत, चौकटीच्या खाली, आणि खालून बाहेर जायला जी भोकं होती ती… होय हो, ती भोकं शिरलेलं पाणी बाहेर जायलाच होती. बघू नका असं माझ्याकडे. ज्यानं पाडली त्यानंच बुजवली, मी काय करणार?

तरी भांडण संपलं का? नाव नको! ही दोघांना म्हणाली, "खिडकी ह्यांची, भिंत तुमची. मग मधली बोटभर फट कोणाची?" खिडकीवाल्याच्या कामात खिडकीपर्यंत लिहिलंय. भिंतवाल्याच्या कामात भिंतीपर्यंत लिहिलंय. फट कोणाच्याच कामात नाही! एवढी मोठी इमारत बांधली, प्रत्येक खिडकीभोवती ती फट आहे, आणि ती अनाथ! खिडकीवाला म्हणतो भिंत, भिंतवाला म्हणतो खिडकी, आणि खरं म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते हो, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. निदान एकावर तरी मनसोक्त चिडता आलं असतं!

मग हिनं त्यांना विचारलं, अगदी पेशंटला विचारते तशा आवाजात, "कानात पाणी गेलं तर काय करता तुम्ही? वर बोळा कोंबता?"

भिंतवाला म्हणाला, "छे! मान कलती करतो."

"मग खिडकीची मान कलती करा."

बाप रे! दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी, तुम्हाला खोटं वाटेल, दोघं एकत्र आले. चौकट अख्खी बाहेर काढली. तिच्याखाली पत्र्याचा ट्रे घातला, बाहेरच्या बाजूला उतार, आतली कड आणि दोन्ही टोकं वर उचललेली, म्हणजे आलेलं पाणी आत न येता बाहेरचा रस्ता धरणार. चौकटीच्या डोक्यावर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी, तिची कड पुढे काढलेली, म्हणजे वरचं पाणी फटीत न शिरता पुढे गळून पडणार. फटीत रंगीत थर खरवडून टणक गिलाव्यापर्यंत गेले, आधी फोमची दोरी दाबली, मग सिलिकॉन, एकदाच, एका हातानं. आणि भोकं? उघडी! मी बघत होतो, खिडकीवाला माझ्याकडे पाठ करून, भोकांवर हात धरून काम करत होता, मी जणू काही बोळे घेऊनच उभा आहे!

आणि तपासनीस साहेब आले. कधी? पाऊस आडवा कोसळत असताना! पाऊस असा की समोरची इमारत दिसेना. खिडकीवाला आणि भिंतवाला दोघंही हजर, दारात, मुलीच्या लग्नाला उभे असल्यासारखे. साहेबांनी कोपऱ्याला हात लावला. कोरडा! कट्ट्याला हात लावला. कोरडा! बाहेर बघाल तर भोकांतून पाणी कसं शहाण्यासारखं निघून चाललंय. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते आत आलं. मग साहेबांनी आवाज मोजायचं यंत्र तिवईवर ठेवलं, बोट ओठांवर ठेवलं. सगळे चिडीचूप.

आकडा वर! साहेबांनी कपाळाला आठी घातली. परत मोजलं. आकडा वर! टक टक टक टक, काहीतरी वाजतंय. दारातून खिडकीवाला कुजबुजला, "भिंत." भिंतवाला कुजबुजला, "खिडकी." साहेबांनी यंत्र उचललं, खिडकीपाशी नेलं. आकडा खाली. भिंतीपाशी नेलं. आकडा खाली. आणि मग ते यंत्र हातात धरून, हळूहळू, एकेक पाऊल टाकत खोलीतून फिरत आले आणि माझ्यासमोर येऊन थांबले. आणि खाली माझ्या बुटाकडे बघितलं.

पाय माझा! मला पत्ता नाही! मी पाय धरून ठेवला, तर म्हणे आता पेनाची टिकटिक येतेय. पेन खिशात टाकलं, तर म्हणे कोणीतरी पुटपुटतंय. "साहेब, पास करा, साहेब, पास करा," असं मी म्हणे मोठ्यानं म्हणत होतो! साहेब सभ्य माणूस हो. म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर आलो. दार लागलं. दाराच्या काचेतून बघतोय, साहेबांनी यंत्राकडे बघितलं, मान डोलावली, आणि आमची ही हसली. लग्नात हसली नव्हती इतकी हसली! पक्का परवाना! तिला आता कोणाच्या हाताखाली जायला नको, मला जिन्याखाली जायला नको. परवान्याच्या तळाशी साहेबांनी स्वतःच्या अक्षरात एक अट तेवढी घातलीय. चाचणी चालू असताना सदर गृहस्थांनी खोलीत थांबू नये. सदर गृहस्थ म्हणजे मी. म्हणून मी इथे, बाहेर, तुमच्यात. तक्रार नाही माझी. पाण्याला बाहेरची वाट दाखवली, तशी मलाही दाखवली, एवढंच.

…आली, ऐकलंत? हिनं हाक मारली, पुढचे या म्हणतेय. आजोबा, तुमचा नंबर. आजोबा! अहो, निळा सदरा! …काय? …"कोण बोललं" काय, मी बोललो! मघापासून मीच बोलतोय! …आणि ताई, तुम्ही तरी… तुम्हालाही नाही ऐकू आलं? …तुम्हाला? …नुसतीच मान हलवत होता होय तुम्ही सगळे! …

असू दे. उठा आजोबा, हात द्या. या, असे या. आत फार शांत आहे.